तिसरा भाग

वेंगुर्ल्याच्या वाचनालयातलं कादंबऱ्यांचं कपाट
खाऱ्या हवेने फुगलंय, दार गुडघ्याने ढकलावं लागतं.
तिथे, खालून दुसऱ्या खणात,
काजळीच्या गोष्टीचे दोन भाग.
तिसरा माझ्या टेबलाच्या ड्रॉवरात,
किल्ली माझ्या पर्समध्ये.

काजळी म्हणजे ती, मिठाच्या राज्यातली.
पहिल्याच प्रकरणात राजपुरोहित येतो होडीतून,
म्हणतो, पोरी, भाकितात तुझं नाव आहे.
जाळ्यातला खेकडा सोडवता सोडवता ती विचारते,
काना-मात्रा नीट पाहिलात?
आणि जेवणखाण कोणाकडे?

मंतरलेली तलवार मिळते, ती गहाण टाकते.
राजपुत्र गुडघे टेकतो;
उठा, म्हणते, ओल आहे, संधिवात होईल.
आणि दुसऱ्या भागात, पान दोनशे बाराला,
सगळं सैन्य खाडी ओलांडून गेल्यावर
शिव्या घालत एकटी मागे फिरते
एका लंगड्या गाढवासाठी.
का, ते सांगत नाही.
लेखकालाही सांगितलं नसावं.

ते पान सगळ्यात मळलंय.
एक ठसा चहाचा, एक मासळीच्या तेलाचा.

तेलाचा स्वरांगीचा.
स्वरांगी गिरप, नववी ब,
शाळा सुटली की बंदरावर आईच्या टोपल्यांचा हिशेब लिहिते.
लिलावात दलाल हसून म्हणाला,
बाय, फक्त तुझ्यासाठी म्हणून,
की ती पेन्सिल उचलून धरते
खरा आकडा येईपर्यंत.
बक्षीस समारंभात पाहुण्यांनी डोक्यावर हात ठेवला,
कोकणची कन्या म्हणाले.
तिने माइकवरच विचारलं, सायकल कधी?
सायकल अजून आलेली नाही.

तिच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या,
तुमच्या पुस्तकांनी आगाऊ केली पोर.
माझी कुठली पुस्तकं. मी शिक्के मारते.

मला वाटायचं, कुणाला आवडून घ्यायची धडपड नाही
म्हणून काजळी आवडत असेल या मुलींना.
एकदा पावती फाडताना विचारलंच.
"ता आधी दर इचारता," स्वरांगी म्हणाली, "मगे जीव टाकता.
बाकीची आधी जीव टाकतत
आणि मगे रडत बसतत."

दर विचारायचा असतो
हे मला एकविसाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.
पाहुणे चहा पिऊन म्हणाले, पसंत.
मी कप उचलले.

तर तिसरा भाग.
आला त्याच रात्री वाचून काढला.
शेवटच्या पानावर काजळी सिंहासनावर बसते,
केस विंचरलेले, मोगरा माळलेला,
सगळ्यांचे आभार मानते.
मी ड्रॉवरला कुलूप घातलं
आणि सात मंगळवार सांगत राहिले,
पुण्याहून यायचाय.

आठव्या मंगळवारी दप्तर टेबलावर आपटलं,
बांगड्यांचा वास आला.
"ड्रॉवरात आसा."
कोण म्हणालं?
"खोटा बोलताना तुमी पर्स धरतास."
मी पर्सवरचा हात काढला.
वाईट आहे गो तो, म्हटलं, खरंच वाईट.
"आसांदे. ता मी ठरवतलंय."

चार दिवसांनी परत आणला.
सिंहासनाच्या परिच्छेदावर आडवी रेघ,
समासात: ह्या खोटा.
खाली, अगदी बारीक अक्षरात:
गाढव खंय?

पुस्तक खराब केल्याचा दंड दहा रुपये, मी म्हटलं.
"पेन्सिलीन लिवलंय. पाच."
पाच घेतले. पावती दिली.
पावतीवरची तारीख तिने तपासून घेतली,
चप्पल घातली, गेली.

ड्रॉवरात खोडरबर होता.
मी गुडघ्याने कपाटाचं दार ढकललं
आणि तिसरा भाग, आहे तसा,
दुसऱ्याला चिकटून उभा केला.