दहा रुपयांत दोनशे

घणसोलीत, तळवलीच्या वाटेवर
माझं रिचार्जचं दुकान.
दहा रुपयांत कार्डात दोनशे गाणी भरून द्यायचो.
हळदीच्या मोसमात जेवायलाही उठत नसे.

एकदा हासुराम आला, काउंटरवर पावती आपटली:
स्टुडिओचे अठरा हजार, बायकोची माळ गहाण.
"सीडी माजी न् गल्ला तुजा?"
मी म्हणालो, मी नाही भरली तर पलीकडचा भरेल.
खरंच होतं ते.
तरी बोलताना खाली पाहिलं.

त्याच्यामागे फशीबाय.
धवलारीण. गाणारी तीच.
म्हणाली, लाव बगू.

डोळे मिटून अख्खा धवला ऐकला,
मग एक कडवं मागे न्यायला लावलं.
"माज्या बांगऱ्या कुठं गेल्या?"

रेकॉर्डिंगला काढा म्हणाले होते,
तिनं काढल्या नव्हत्या.
मी फाइल बारीक केलेली,
कार्डात जास्त मावावं म्हणून.
किणकिण गळते त्यात.

"गाना माजा नाय," ती म्हणाली,
"मावशीनं दिला, फुकट.
पन बांगऱ्या माज्या होत्या."

हासुराम पावतीची घडी घालत राहिला.
मी गल्ल्यातून दहाची नोट काढली,
आणि कुणापुढे धरायची
ते कळेना.