हा भाग वर

देवरेंकडे दिवाळीत नवा फ्रीज आला
तेव्हाच जिन्यात उभं राहून
मी खोका मागून ठेवला होता.
ते म्हणाले, शांतवन, दिवसभर कंपनीत खोकेच करतोस,
घरी कशाला अजून एक?

खरं आहे.
अंबडला अठरा वर्षं मी खोकेच करतोय.
डिसेंबर लागला की द्राक्षाच्या ऑर्डरी.
हवेसाठी बाजूला भोकं, मोजून आठ.
नववं पडलं की अख्खी चळत बाजूला
आणि सुपरवायझरचं तोंड संध्याकाळपर्यंत आंबट.

म्हणून बावीस तारखेच्या रात्री
फ्रीजच्या खोक्यात सुरी घालताना
हात जरासा थांबला.
मग खिडकी कापली.
मग अबी म्हणाली दुसरी, स्वयंपाकघराची.
योनाला एक उंदरासाठी हवी होती, अगदी खाली.
मी कापत गेलो.
एवढी भोकं आयुष्यात कधी
कुणाला न विचारता पाडली नव्हती.

मार्थाने मैद्याची खळ शिजवली,
मुंग्या लागू नयेत म्हणून चिमूटभर हळद.
छपरावर कापूस पसरायचं ठरलं होतं,
पण त्या आठवड्यात निफाडचा पारा पाचवर,
योनाने निम्मा कापूस खिडकीतून आत नेऊन लावला.
बर्फाला थंडी वाजत असेल, म्हणाला.

बाजूला छापलेली छत्री:
म्हणजे आपलं घर गळत नाही.
काचेचा पेला:
म्हणजे पाहुण्यांना सरबत मिळेल.
मोठा बाण, आणि त्याच्याखालचं इंग्रजी
अबीने मराठी करून वाचलं: हा भाग वर.
बाण जमिनीकडे बघत होता.

अठरा वर्षांचा कारागीर मी,
घर उलटं उभं केलं.
मार्था हसून हसून खुर्चीत बसली.
अबी म्हणाली, असू दे पप्पा,
बाण म्हणतोय, इथे.
मग तिने स्केचपेनने दारावर लिहिलं,
जागा आहे.

चोवीसला आमच्या दोन खोल्यांत
अकरा माणसं उतरणार होती.
हे तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

शरणपूरहून उपासना आटपून आलो,
ढोलकी घेऊन गाणारी पोरं येऊन गेली,
करंज्यांचा एक डबा त्यांच्याबरोबर गेला.
चांदणीतला बल्ब कुणीतरी बंद केला.

पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो.
सतरंज्यांवर माणसांची वीण, पाय ठेवायला फट नाही.
संगमनेरची शालिनीआत्या तेवढी जागी,
भिंतीला टेकून. गुडघे झोपू देत नाहीत तिला.
तिचे दोन्ही पाय दारातून खोक्यात,
बाकीची आत्या बाहेर.
आत योना,
तिची पावलं पोटाशी धरून गाढ.
नावच असं ठेवलंय आम्ही,
कशाच्या तरी पोटात शिरल्याशिवाय झोप येत नाही त्याला.

आत्या हळूच म्हणाली, ऊब आहे रे आत.
मी म्हणालो, पाच प्लाय आहे, आत्या.
दुसरं काही सुचलंच नाही.

अकरा जानेवारीला भंगारवाला आला.
घर मोडलं, घड्या घातल्या, सुतळी बांधली.
साडेसहा किलो, बासष्ट रुपये.
न चिकटलेला कापूस देवरेवहिनी
वातींसाठी घेऊन गेल्या.
मुलं तोवर पतंगाच्या मांज्यात गुंतलेली,
दाराकडे कुणी बघितलंही नाही.

हा पुठ्ठा कुठे जातो, मला ठाऊक आहे.
भिजतो, लगदा होतो, पुन्हा तक्ता होऊन
एखाद्या सोमवारी आमच्याच गेटवर उतरतो.

हल्ली बेल्टवर खोका हातात आला
की बोटाच्या पेराने दोनदा वाजवतो.
क्वालिटीतला नवीन मुलगा, बोरस्ते, विचारतो,
काका, काय चेक करता?
मजबुती, मी म्हणतो,
आणि पुढचा उचलायच्या आधी
क्षणभर कान देतो.