तळाची पोती

मुरारला आमचं पशुखाद्याचं दुकान.
तळाची पोती भिंतीला टेकलेली, भिंत ओली,
हे मला ठाऊक होतं.
शरबती करोसिया आली, स्वस्तातलं काय आहे म्हणाली,
मी तोच मका काढून दिला.
पोतं झटकलं. हिरवट धूळ उडाली, शिंक आली,
एवढंच.

चौथ्या दिवशी परत आली, पदरात मूठभर दाणे.
डुकरिणीनं तोंड फिरवलं म्हणे.
जी नालीतलंही सोडत नाही, तिनं हे सोडलं.
शरबतीला वाटलं, माज.
दोन दिवस उपाशी ठेवली,
मग घमेल्यात गूळ कालवला.
गुळासाठी ती खाली वाकली.
रात्री गाभ टाकला. आठ.
अंगावर केसही नव्हते.

भाजून दिला असतास तर, असं मी म्हणणार होतो.
पशुदवाखान्यातल्या लोंढेबाई आधीच बोलल्या,
बुरशी मरते हो भाजून,
तिनं दाण्यात सोडलेलं विष मरत नाही.

आता पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.
दाताखाली कट्ट वाजल्याशिवाय
दाणा आत येत नाही.
उरलेला मका मागच्या खड्ड्यात पुरला, वर चुना.
बायको म्हणाली, श्राद्धच घातलंत की.

शरबतीचे पैसे परत केले.
तिनं दोनदा मोजले.
जाता जाता नव्या पोत्यात हात घातला,
ओंजळ नाकाशी धरली,
डोळे मिटून, बराच वेळ,

मी काट्याला धरून उभा.