वारं न लागलेली माती

पूर्णगडच्या खाडीवर, बंद पडलेल्या आंब्याच्या कॅनिंगमध्ये
आम्ही चंद्राची माती करतो.
म्हणजे, मी चाळते.
करतात आंबर्डेकर मॅडम, कागदावर.

भिंतींना अजून जुन्या रसाचा वास आहे.
हवा सुकवणारं यंत्र रात्रंदिवस घुरघुरतं,
दर चार तासांनी मी त्याची बादली मोरीत ओतते.
एवढं पाणी आपल्या हवेत!
तिथं थेंब नाही.
म्हणून माती भट्टीत भाजायची, गरम असतानाच डब्यात भरायची,
झाकणाच्या कडेनं मेण,
लोणच्याच्या बरणीला लावतात तसं.

जांभा चालत नाही. त्यानं जन्मभर पाऊस प्यायलाय.
किनाऱ्याची वाळू तर नकोच.
पहिल्या दिवशी मी हौसेनं ओंजळभर नेली होती, काळी, चमकणारी.
मॅडमनी ती भिंगाखाली धरली. म्हणाल्या, ये, बघ विनता,
लाटेनं लोळवून लोळवून
एकेका कणाचे कोपरे काढलेत.
मला दिसल्या सासरी तीस वर्षं नांदलेल्या बाया,
सगळ्या गोल, सगळ्या गप्प.
तिथं लाट नाही, वारा नाही,
दगड फुटला की फुटला,
त्याची धार कोट्यवधी वर्षं तशीच.

अशी धार पाहिजे तर सोलकरांच्या खाणीतला काळा दगड,
आणि तोही क्रशरमधून आल्या आल्या,
पावसानं त्याला हात लावायच्या आत.

तरीवर भेटली की शकूआत्या विचारते,
काय गो, माती चाळून पगार गावतो?
गावतो, म्हणते.
मग आमच्या परसातली पण घेऊन जा,
म्हणत टोपली डोक्यावर घेते, जाते.

कण मोजायला आमच्याकडे सात चाळण्या आहेत.
शेवटच्या चाळणीतून पडतं ते पिठाहून मऊ दिसतं
आणि पिठासारखं वागत नाही.
काचेला ओरखडे काढतं,
मोजे, शिवण, घड्याळाचा काटा, कुठंही शिरतं.
ही धूळ तिथल्या माणसाच्या छातीत गेली तर काय,
त्यावरही कुठंतरी काम चालू आहे, मॅडम सांगतात.
मला दोन थरांचा मुखवटा दिलाय,
दर सोमवारी नवी गाळणी, वहीत सही करून.

बाबा त्याच क्रशरवर एकोणीस वर्षं होते.
तोंडाला पंचा. तो ओला करायचा,
एवढंच शास्त्र.
रत्नागिरीच्या डॉक्टरनं फिल्म खिडकीशी धरली,
त्यावरचे ठिपके कुणी मोजले नाहीत.

गेल्या आठवड्यात बारा पिंपं बंगळूरला गेली.
ट्रक हापूसचा होता, जागा उरली म्हणून घेतली.
पेंढ्यात पेट्या, पेट्यांआड चंद्र,
आणि पिंपावर मी लाल रंगानं लिहिलेलं:
ओल लागू देऊ नये.
ड्रायव्हरनं विचारलं, खत काय?
मी म्हटलं, नाही, ह्यात काही उगवायचं नाही अजून.
तो 'अजून' माझा मलाच नवा होता.

आज वद्य अष्टमी. भांग.
खाडीचं पाणी आळसावलेलं,
होड्या चिखलात अर्ध्या कुशीवर.
बाबांना आडवं पडवत नाही, म्हणून पडवीत बसून असतात.
मध्यरात्री चंद्र उगवतो
तो आमच्याकडे समुद्रातून नाही,
डोंगराकडून, खाणीच्या मागून,
अर्धा, एका बाजूनं तासल्यासारखा.

तिथं माती हलकी असते म्हणे? बाबा विचारतात.
वजन सहावा हिस्सा, मी सांगते.
बराच वेळ ते श्वास जमवत राहतात.
मग छातीवरचं पण सहावा हिस्सा,
म्हणतात, आणि हसतात,
हसण्याचा खोकला होतो.

मी उठून पाणी आणते.
हात दोनदा धुतलेत,
तरी तांब्याच्या कडेला माझ्या बोटांचे
करडे ठसे.