शेऱ्याचा रकाना

परवा चुना काढला गोठ्याला.
तपासणी म्हटली की माणसाला पहिलं तेच सुचतं,
भिंत पांढरी करणं.

दारात पाय बुडवायचा हौद, लाल औषधाचं पाणी.
चेतराम तो रोज उडी मारून ओलांडतो,
मी रोज ओरडते.
शेणखड्डा पन्नास पावलं लांब हवा.
माझ्या पावलांनी सत्तेचाळीस भरला,
नवऱ्याच्या पावलांनी चाळीस.
मग लहान पोराला चालवलं.

अकरा जनावरं, अकरा पिवळे बिल्ले, बारा-बारा आकडे.
मी वाचायला वाकते, गाय कान झटकते,
तीनाचा आठ होतो.
वहीत मोरी नाही, चंद्री नाही,
भुरी म्हणजे शेवटी चार-शून्य-सात.
लाळ्या-खुरकुताच्या लशीचं लेबल
भाताच्या शितानं चिकटवलंय, बॅच नंबर दिसेल असं,
त्याच्यावर आता मुंग्या.

सगळं झालं.
फक्त नऊ ते बारा सप्टेंबर कोरे.

ते चार दिवस मी नागपूरला, मेडिकलमध्ये,
बहिणीच्या बाळंतपणाला.
तिच्या खाटेलाही एक कागद लटकलेला, रकान्यांचा,
नर्स येऊन भरून जायची.
इथे मांढळला दूध चेतराम काढत होता.
चेतराम नेवारेला सही येते.
सहीपुढचं येत नाही.

काल रात्री वही मांडीवर घेतली.
आठ लिटर, साडेआठ, आठ, पावणेआठ,
सरासरीनं भरता येतं.
सहा वर्षं सीताबर्डीत चपलांच्या दुकानाचे हिशेब लिहिलेत,
माझं खोटं अक्षरसुद्धा वळणदार.
पण आठ तारीख ज्या पेनानं लिहिली
ते पेनच सापडेना.
याला प्रामाणिकपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

आज उईके मॅडम आल्या.
हौदात दोन्ही बूट बुडवले, मग आत.
कासेखाली हात घालून पाहिला, गव्हाणीचा वास घेतला,
वहीची पानं उलटली
आणि कोऱ्यावर बोट ठेवलं.
— हे?

मी तोंड उघडायच्या आत चेतराम म्हणाला,
"लिवलं होतं न मॅडम. भितीवर. कोयशानं.
बाईनंच पोतून टाकलं."

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
कोणीच काही बोलेना.
मग त्यानं गाई धुवायची बादली उचलली
आणि भिंतीवर रिकामी केली.

ओला चुना काही लपवत नाही.
हळूहळू वर आलं एक वाकडं शिंग,
ती मोरी. तिच्यापुढे सात रेघा, एक अर्धी.
मग कपाळावरचा चांदवा. सहा रेघा.
मग अख्खा गोठा, शिंगाशिंगांनी,
चार ओळी, चार दिवस.
इतक्या दिवसांत माझ्या वहीत
एकही गाय दिसली नव्हती.

मॅडम भिंतीशी गेल्या. मोबाइलमध्ये फोटो काढला.
"आणि हा गोल कशाचा, तिसऱ्या ओळीत?"
"भुरी माजावर आली होती.
मले वाटलं बाईले सांगीन. मंग राहून गेलं."

मी उभ्या उभ्या बोटं मोजली. अकरा सप्टेंबर.
अकरा आणि एकवीस.
महिना तीसचा.
म्हणजे उद्या.

मॅडमनी शेऱ्यात लिहिलं,
चार दिवसांची नोंद भिंतीवर, पाहिली.
खाली सही, तारीख.
आणि जाताना म्हणाल्या, शेणखड्डा जवळ आहे हो.

त्यांची गाडी नाक्यापर्यंत पोचेस्तोवर
भिंत वाळत आली. आधी रेघा गेल्या, मग शिंगं.
तो गोल जरा वेळ टिकला.

मी सुताराकडे फळी सांगितलीये, काळी,
चेतरामच्या हाताला लागेल अशा उंचीवर.
आणि रेतनवाल्याला फोन केला.
तो म्हणाला, नंबर सांगा.
मी म्हटलं, भुरी.
मग बिल्ला वाचायला गेले.