सेर

ससाणा काच फोडून आत आला तेव्हा
मी टोमॅटोच्या वेलींना सुतळी बांधत होते.
काचेत त्याला पलीकडचा सेव्हेनचा डोंगरच दिसला असणार.
वाफ्यात पडला, एक पंख उलगडलेला,
आणि डोळा माझ्यावर, घरमालकासारखा.

जाड हातमोजे गावात एकाकडेच,
जोडे दुरुस्त करणाऱ्या ओनोरे पाँतिएकडे.
तो धावत आला. मोजे विसरून आला.
पक्ष्यानं त्याचा पंजा धरला.

'ओढू नका!' मी ओरडले.
'ओढत नाहीये,' तो दात आवळून म्हणाला.
'ओढलं की आणखी घट्ट होतं.
उगाच का त्याला सेर म्हणतात?'

आमच्या भाषेत सेर म्हणजे शिकारी पक्ष्याची नखं.
सेर म्हणजे हे काचघरसुद्धा.
चाळीस वर्षं मी सेरमध्ये भाजी पिकवली,
आणि एकदाही वाटलं नाही
की कुणाच्या तरी मुठीत उभी आहे.

दोन्ही एकाच क्रियापदाची पोरं :
आवळणं, मिटणं, आत ठेवणं.
आई चादरींच्या घड्या माझ्या हातात देऊन म्हणायची,
सेर कर गं. म्हणजे, कपाटात जपून ठेव.
थंडीत लिंबाची झाडं अशीच जपून ठेवत,
त्यावरून काचघराला नाव पडलं.
उंदराला कसं जपतात
ते उंदराला कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात शेजारची भाडेकरू, इंग्रज विनिफ्रेड,
दारातून किंचाळली : 'टॅलन! अहो, टॅलन!'
पाँतिएनं आधी स्वतःच्या टाचा पाहिल्या.
आमच्याकडे तालाँ म्हणजे टाच,
बुटाची, पायाची,
फार तर चेकबुकात उरलेली स्थळप्रत.
'चौदा युरोला जोडी,' तो कण्हत म्हणाला,
'जन्मभर ठोकतोय. ह्यांनी आमची टाच नेली
आणि तिकडे तिला नखं फुटली!'

विनिफ्रेडला त्यातलं काही कळलं नाही.
तिनं ओला टॉवेल ससाण्याच्या डोळ्यांवर टाकला.
अंधार झाला तशी मूठ सुटली,
एकेक बोट, नाइलाजानं.

हाताला चार भोकं. तीन पुढे,
एक मागे, सगळ्यांत खोल.
पाँतिए त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.
'टाचच आहे की,' म्हणाला,
'बाईचं बरोबर आहे.'

जाताना त्यानं डावा हात पुढे केला.
हात मिळवण्यालाही आम्ही आवळणंच म्हणतो.
मी जरा
हलकेच धरला.