नाकासमोर

बाप शेजारी बसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ओठात न पेटवलेली सिगारेट.
"चल," म्हणाला, "गिऱ्हाईक डोंगरापलीकडं थांबलंय."

पंचेचाळीस वर्षं त्याच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता
या सत्तर सालच्या शेव्हेलला.
धाकट्या ओरिननं एकदा किल्ली मागितली,
तर त्याला फावडं मिळालं
आणि कोंबड्यांचं खुराडं झाडायचं काम.

दरीतल्या सरळ पट्ट्यावर ती काय सुटली!
पायात नुसता विचार यावा
आणि बॉनेट वर उचललं जावं,
पाठ सीटला चिकटावी,
मागं खाणीचा मनोरा शेंगदाण्याएवढा.
मला वाटलं, जमलं.
बाप काहीच बोलला नाही.

केंटकीच्या या टोकाला रस्ते डोंगराला विचारून केलेत.
पहिलं वळण आलं.
स्टिअरिंग इतकं हलकं की एका बोटानं फिरावं,
आणि इतकं मुकं
की खाली चाकं कुठं बघतायत याचा पत्ता नाही.
मी वळवलं.
ती गेली नाकासमोर.
पुढं तीनशे किलोंवर लोखंड बसलेलं,
त्याचा एकच हट्ट: मी सरळ. तुमचं तुम्ही बघा.
घाबरून ब्रेक दाबला, तर सगळं अंग पुढं झुकलं,
घाबरून गॅस दाबला, तर शेपूट बाहेर निघालं
वासरू दाव्याला हिसडा देतं तसं.
कोळशाच्या ट्रकांनी सांडलेली खडी
खालून तडतडली.
आम्ही दोघं त्या लांबलचक गुळगुळीत सीटवर
इकडून तिकडं, ताटातल्या वाटाण्यांसारखे.

"रोडा," बाप म्हणाला,
"वळणात ब्रेक मारायचा नसतो.
भांडायचं ते दारातून निघायच्या आधी."

मग त्यानं डॅशबोर्डवर बोट ठेवलं.
त्याला दिसत नव्हतं, पण रस्ता सगळा पाठ होता:
आरागिरणीचा ओला वास आला की एक टिचकी,
पाय काढ.
पुलाचे सांधे तीन वेळा धडधडले की दुसरी,
आता वळव. थोडंसं. थांब.
तिला बाहेरच्या चाकांवर टेकू दे.
टेकली?
मला मांडीखाली कळलं, टेकली.
आता गॅस, अंड्यावर पाय ठेवावा तसा.
आणि ते अवाढव्य जनावर
कण्हत, टायर चोळत, पण आलं बाई वळून.

गिऱ्हाईक म्हणजे लेक्झिंग्टनचा दातांचा डॉक्टर, मॅब्री.
कोरे हातमोजे. लहानपणी भिंतीवर हिचं चित्र होतं म्हणे.
दहा मिनिटांसाठी घेऊन गेला,
पंचवीस मिनिटांनी आला,
मागच्या बंपरला ब्लॅकबेरीची वेल, फळांसकट.
उतरला, दाराला धरून उभा राहिला.
"ही वळतच नाही," म्हणाला.

"वळते," बाप म्हणाला. "आधी सांगावं लागतं."

डॉक्टरनं दोन हजार कमी करून पाहिले.
बापानं हात पुढं केला. मला वाटलं, सौद्याचा.
किल्ली तळव्यावर पडेपर्यंत तो तसाच राहिला,
मग हवेत माझा हात शोधून
त्यात ठेवली.
वेल मात्र त्यानं चाचपून सोडवली,
दोन फळं तोंडात टाकली, एक मला दिलं. आंबट.

आम्हा दोघांना त्यानं वळण लावलं, ओरिनला आणि मला,
पट्ट्यानं, कधी नुसत्या खाकरण्यानं.
गाडीला नाही लावता आलं.
तिच्याशी तो बोलून घ्यायचा.

परतताना आरागिरणीचा वास आला.
टिचकी नाही.
मी पाय काढला.
पुलाचे सांधे: एक, दोन, तीन.
टिचकी नाही. बाजूला बघायची सोय नव्हती.
उजवं वळण मी घेतलं, थांबले, टेकू दिलं,
आणि त्या गुळगुळीत सीटवरून घसरत
बाप माझ्या खांद्यापाशी आला, घोरत,
आणि पुढचं डावं वळण येईपर्यंत
तिथंच राहिला.